घरचं रक्त

कोल्हापूर,
२१ नोव्हेंबर २००४

ती. अण्णास,
सा. न.

“आता तुझ्या अंगात माझं रक्त हाय, तंगी. आता माझ्याशी भांडून दाखव की.”

धाकट्या बहिणीला कानडीत हाक मारत तू हे म्हणालास तेव्हा रक्षिता पाळण्यात होती आणि मी नर्सिंग होमच्या खाटेवर पांढरीफटक पडले होते. बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून डॉक्टर रक्तपेढीसाठी चिठ्ठी लिहायला बसले, तर तू त्यांचं पेन धरलंस. “परक्याचं रक्त माझ्या बहिणीला नको. कुणाचं कसलं असतंय काय ठावं. माझं काढा, घरचं हाय.” आपल्याकडं तूप घरचं लागायचं, चटणी घरची लागायची, तसं रक्तही. त्यात तुझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे वाक्य कृपा करून दोनदा वाच, कारण भाऊबीजेला तू फक्त एवढंच ऐकून गेलास की बहिणीनं दोष दिला.

मी दोष दिला नव्हता. ओवाळून झाल्यावर तू दरवर्षीसारखं विचारलंस, “काय घालू ताटात?” बहिणीनं म्हणायचं, काही नको, तू आलास हेच पुष्कळ, मग भावानं साडी काढायची. या वर्षी मी खरोखरच मागितलं. “अण्णा, हिपॅटायटिस सीची तपासणी करून घे.” ताट समोर असताना तुला नाही म्हणता येणार नाही असं मी धरून चालले होते. शांतावैनी, तुझा वीरेश, माझ्या घरचे, रक्षिता, सगळे बसलेले. तू साडी ताटात ठेवलीस आणि म्हणालास, “मला रोगी ठरवाय बोलवलंतंस व्हय?” पोळीला हात न लावता उठलास. दारात चप्पल पायात घालताना तुला दोनदा जमेना, आणि मी तिथंच ताट धरून उभी राहिले.

चारचौघांत मागायला नको होतं, असं हे म्हणतात. असेल. पण मागायलाच नको होतं असं मी म्हणणार नाही.

जूनमध्ये माझ्या पिशवीच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा हे निघालं. हा विषाणू लिव्हरमध्ये राहतो, वीस-वीस वर्षं काही कळू देत नाही आणि आतून लिव्हर कडक करत जातो. जेवणातून, शिवण्यातून लागत नाही, रक्तातून लागतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी रक्त घेतलं होतं का? मी सांगितलं, एकदा, भावाचं. मग त्यांनी विचारलं, लहानपणी सुया टोचल्या होत्या का? तेव्हा मला बाजाराच्या दिवशी गावात येणारे ते डॉक्टर आठवले. एक काचेची पिचकारी, एक पातेलं, आणि गावातली निम्मी पोरं रांगेत. सुई दिली नाही तर आईला डॉक्टरनं काही केलं असं वाटायचंच नाही. तू माझ्या पुढं असायचास, न रडता दाखवायला.

म्हणजे तुझ्याकडून मला आलं, की एकाच सुईतून दोघांना, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण दोन्ही वाटांनी तुझं रक्त बघावंच लागतं. एवढीच गोष्ट आहे. यात अपमान कुठं आहे ते मला दाखव.

माझी काळजी करू नकोस. इंजेक्शनं बरीचशी झाली. थोडा ताप येतो, बाकी ठीक आहे.

तुझी,
लीला


कोल्हापूर,
१२ जानेवारी २००५

ती. अण्णास,
सा. न.

पत्राचं उत्तर तू फोनवर दिलंस, तेही रक्षिताला संक्रांतीचं विचारायच्या निमित्तानं. मी तिच्या हातातून फोन घेतला म्हणून बोलणं झालं. तू काय म्हणालास ते मी लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला फिरवता येणार नाही.

“लीला, तू आरशात बघितलंस का कधी? भाऊबीजेला मी बघितलं की. काठी झालीस. डोकीवर केस न्हाईत. आणि तेच औषध मी घिऊ म्हणतीस?”

“औषध नंतर. आधी तपासणी तर कर.”

“तपासलं की निघणार, निघालं की तुम्ही टोचणार. मी धडधाकट माणूस, पोतं उचलतोय अजून. जी बसलीया ती गांधीलमाशी कशाला उठवाय पायजे?”

मग तू वैनींना हाक मारलीस, गिऱ्हाईक आलंय म्हणालास आणि फोन ठेवलास. जयसिंगपुरात रात्री जेवणाच्या वेळी भुसारच्या दुकानात कुठलं गिऱ्हाईक येतं, ते तूच जाणे.

मला राग याचा आला की माझं तोंडच तुझा पुरावा झालं. मी बरं व्हावं म्हणून जे सोसलं, ते तू माझ्याच विरुद्ध उभं केलंस. म्हणून आता खरंच सांगते, कारण ‘थोडा ताप’ लिहून मी तुला फसवलं आणि तू तर डोळ्यांनी बघितलंच होतंस.

तुझ्या दुकानातलं उदाहरण देते. धान्याला सोंडे लागले की तू गोळ्या ठेवून गोदाम बंद करतोस आणि सोंडे मरतात. मलाही वाटलं होतं, औषध म्हणजे तसं काहीतरी. तसं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे इंजेक्शन म्हणजे आपल्याच शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. फ्लू झाला की अंग मोडून येतं, ते फ्लूच्या जंतूपेक्षा या पदार्थामुळं जास्त. तो शरीराला सांगतो, उठा, घरात कुणीतरी शिरलंय. एवढी वर्षं माझ्या शरीराला तो पाहुणा ठाऊक होता, पण त्याच्याशी ते धड लढलंही नव्हतं आणि त्याला बाहेरही काढलं नव्हतं. औषधानं विषाणूला थोडंफार मारलं, पण खरं काम केलं ते मला उठवण्याचं. आणि उठवलं ते साधंसुधं नाही. दर आठवड्याला फ्लू. शुक्रवारी संध्याकाळी हे सुई देत, म्हणजे शनिवार-रविवार तापात जाई आणि सोमवारी मी शाळेत भूगोल शिकवायला उभी.

गंमत अशी की उठवायला दिलेलं औषध पहारेकऱ्यांचीच संख्या कमी करतं. माझ्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की डोस कमी करावा लागला. तोंड आलं, महिनाभर ताकभाताशिवाय काही गिळवेना. बरोबरच्या गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटल्या. शाळेचा जिना चढताना मध्ये थांबून मी पोरींना उगाच नकाशातलं काहीतरी विचारायची, म्हणजे दम लागलेला कळू नये.

आणि राग. तो औषधाचा होता की माझा, अजून कळलेलं नाही. डिसेंबरमध्ये एका सकाळी पूजेला बसले, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात थरथरायला लागला तो थांबेना. मठातल्या आप्पांनी दीक्षेच्या वेळी त्याच तळहातावर ठेवलेलं लिंग मला धरता येईना. रक्षितानं माझ्या हाताखाली आपला हात धरला. मी तिच्यावर ओरडले. ती हलली नाही. पूजा झाल्यावर कॉलेजला गेली.

हे सगळं खरं आहे. आणि इंजेक्शनं डिसेंबरअखेर संपली, परवाच्या तपासणीत विषाणू दिसत नाही, हेही खरं आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. तेव्हाही नसला तर गेला. तू पहिलं खरं धरून बसलास आणि दुसरं ऐकायला फोनवर थांबलाही नाहीस.

गांधीलमाशी बसलेली नाही, अण्णा. ती आत घर बांधतेय.

तिळगूळ यांच्या हातून पाठवते.

लीला


कोल्हापूर,
१४ मे २००५

अण्णा,

ज्वारीचं पोतं पोचलं. पोत्याबरोबर एक शब्दही नव्हता. तू धान्य पाठवून नातं चालू ठेवतोस आणि तोंड बंद ठेवून ते तोडतोस. मी नेमकं काय समजायचं?

माझी नवी बातमी अशी की उठवलेले पहारेकरी औषध थांबल्यावरही शांत झाले नाहीत. शिरलेला चोर बाहेर गेला तर त्यांनी घरच्या मुनिमालाच धरलं. गळ्यात थायरॉईड ग्रंथी असते, तिच्यावर माझं शरीर उलटलंय. आधी छाती धडधडायची, आता उलट झालंय: सुस्ती, सूज, मे महिन्यात शाल. रोज सकाळी एक गोळी, बहुतेक कायमची. आमच्या शाळेतल्या धोंडुबाई शिपाईण मला म्हणाल्या, “बाई, गेल्या साली वाळून खारीक झालतासा, औंदा फुगून भोपळा. एकदा काय ते ठरवा की.” सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

हे मी तुला लपवू शकले असते. तुझ्या हाती आणखी एक पुरावा देतेय, हे कळतंय मला. पण मी लपवणार नाही, कारण बसवजयंतीला जे बघितलं त्यानंतर आपल्या दोघांत लपवणारं कोण आहे ते मला समजलं.

मी न सांगता जयसिंगपूरला आले होते. मंडपात रक्तदानाच्या खाटा लागल्या होत्या. दरवर्षी पहिल्या खाटेवर तू असायचास. आईनं केवढ्या कौतुकानं सांगितलेलं, माझा चनबसाप्पा आडवा झाल्याशिवाय शिबिर चालूच होत न्हाय. या वेळी तू टेबलाशी उभा राहून रक्त देणाऱ्यांना सरबत देत होतास.

“अण्णा, तू दिलंस?”

“बीपी हाय मला. न्हाय घेत.”

तुझे दोस्त हंबीरराव खाटेवर आडवे होते, हाताला सुई, तोंड मोकळं. “तीन वर्सं झाली की, ताई. पैलवान आता निस्तं सरबत पाजतोय. आमी म्हणतोय, सरबतात तरी त्येचं रक्त हाय का बघा.”

सगळे हसले. तू हसला नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस आणि लगेच बर्फ फोडायला वळलास. तुला बीपी नाही, अण्णा. वैनींना विचारलं, तुझ्या जेवणातलं मीठ कुणी कमी केलेलं नाही.

पूर्वी रक्तपेढ्या हे तपासत नव्हत्या, आता दान केलेलं प्रत्येक रक्त तपासतात. तीन वर्षांपूर्वी तुझ्या रक्तात काही निघालं असेल आणि कुणीतरी तुला बाजूला घेऊन सांगितलं असेल. म्हणजे मी ताट धरून उभी होते तेव्हा तुला ठाऊक होतं. मी रोगाचं निदान ऐकून घरी आले, रक्षिताची तपासणी होईपर्यंत जेवले नाही – तिला काही नाही, देवाची कृपा – तेव्हाही तुला ठाऊक होतं. आणि त्याआधी दोन वर्षं, जेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा तुझ्या मनात एकदाही आलं नाही का, की हेच रक्त मी तंगीला दिलं होतं?

आलं असणार. मी तुला ओळखते. आलं असणार, म्हणूनच तू गप्प राहिलास. पण त्या दोन वर्षांत माझं लिव्हर थांबलं नव्हतं.

मंडपात हे बोलले नाही. तू दिलेलं सरबत प्यायले आणि एस.टी.नं परत आले. हे पत्र चारदा लिहून फाडलं. यातही राग फार आहे, पण आता हे असंच टाकते.

लीला


कोल्हापूर,
१६ ऑगस्ट २००५

अण्णा,

पुराच्या आठवड्यात वैनी आणि वीरेश आमच्याकडं राहून गेले. तू आला नाहीस. माल माडीवर चढवून दुकानातच झोपलास. वैनी कोरड्या जागी आल्या तरी त्यांचा सगळा जीव तिकडंच होता. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता बोलल्या.

“वन्सं, ह्यांचं पाय सुजत्यात. सांजचं पायातनं व्हाणा निघत न्हाईत. अंगठी कापून काढली.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापास्नं. धोतर सैल बांधत्यात. मला म्हणत्यात, म्हातारा झालो, पोट सुटलं. पोट सुटलं तर दंडाच्या काड्या का व्हाव्यात?”

“तुम्ही डॉक्टरला का नाही दाखवलं?”

“कोण दाखवू देतंय? वीरेशची सोयरीक जुळाय आलीया गारगोटीला. म्हणत्यात, पोराचं लगीन होऊ दे. रक्तात रोग हाय म्हटल्यावर त्या पोरीचा बाप उंबऱ्यावर उभा ऱ्हाईल का? मग बघू म्हणत्यात.” आणि मग तवा खाली ठेवून, माझ्याकडं न बघता: “तुमास्नी तोंड दावाय नको वाटतंय त्यास्नी. तुमचं केस गेलं ना, ते बघून आल्यापास्नं झोपत न्हाईत. मी केलं हे, म्हणत्यात.”

एवढे महिने मी समजत होते की तू मला दोषी धरून रुसलायस.

माझी सहा महिन्यांनंतरची तपासणी झाली. विषाणू नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ‘गेला’ हा शब्द वापरला. रक्तात त्याची खूण मात्र जन्मभर राहणार. कुठल्याही साध्या तपासणीत माझं नाव त्या यादीतच येईल, आणि ती खूण असून पुन्हा लागणार नाही याची हमीही नाही. शरीर लक्षात ठेवतं, पण त्या आठवणीचा उपयोग नाही. मला हे ऐकून हसू आलं. त्यांना वाटलं आनंदानं.

मग मी तुझ्या पायांचं विचारलं. ‘एका नातेवाइकाचं’ म्हणून. त्या म्हणाल्या, सूज दुसऱ्या कशानंही येऊ शकते, रक्त आणि सोनोग्राफी बघितल्याशिवाय बोलणार नाही. पण लिव्हरमुळं असेल आणि पोटात पाणी साठायला लागलं असेल, तर तुम्हाला दिलेलं औषध त्यांना देता येणार नाही. शरीराला असं उठवायचं तर आधी लिव्हरमध्ये ते सोसायची ताकद लागते. नाहीतर औषधच माणसाला नेईल. मी विचारलं, मग काहीच करता येत नाही? “येतं. पाणी उतरवता येतं, रक्ताची उलटी होऊ नये म्हणून बघता येतं, माणूस सांभाळता येतो. पण ते माझ्यासमोर बसले पाहिजेत.”

म्हणजे ज्या औषधाला तू भीत होतास, ते कदाचित आता तुला मिळणारही नाही. तीन वर्षांपूर्वी मिळालं असतं. हे लिहिताना मला टेबलावर डोकं आपटावंसं वाटतंय.

लीला


कोल्हापूर,
२४ ऑक्टोबर २००५

अण्णा,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. फोन केला तर नोकर म्हणतो मालक गोदामात आहेत. हे दोनदा येऊन गेले, तू त्यांना जेवायला घातलंस, उसाच्या भावावर बोललास आणि विषय काढला की उठून गेलास. हे परत येऊन मला म्हणाले, “तुझा भाऊ आणि तू, एकाच मुशीतले.” ते चिडून म्हणाले. मीही चिडूनच ऐकलं.

दोष कुणाचा ते मी आता विचारत नाही. तीन वर्षांचंही विचारत नाही. माझ्या केसांसाठी झोप घालवू नकोस. ते आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. बघायला ये असं म्हणणार नाही, कारण तू येणार नाहीस.

जयसिंगपुरातल्या लॅबमधला जोतीराम म्हणून एक माणूस आहे. घरी जाऊन रक्त घेतो. मी त्याच्याशी बोलले. तुझं नाव तो कुठंही लिहिणार नाही. नळीवर मी यांचं नाव लिहायला सांगितलंय, आणि रिपोर्ट कोल्हापूरला माझ्याकडं येईल. गारगोटीपर्यंत काही जाणार नाही. यात लबाडी आहे, मला कळतं. वीरेशच्या लग्नात मी या लबाडीसकट येऊन जेवेन, आणि लग्नानंतर तू स्वतःच्या नावानं डॉक्टरीणबाईंसमोर बस. पण लग्न मार्चमध्ये आहे आणि तुझे पाय मार्चपर्यंत थांबणार नाहीत.

शुक्रवारी सकाळी, सौदे सुरू व्हायच्या आधी, तो दुकानात येईल. गादीवरून उठायचीही गरज नाही. मला दिसतंय तू काय करशील: त्याला चहा पाजशील, वर शेरभर तूरडाळ बांधून देशील, आणि बहिणीला सांग आम्ही ठणठणीत आहोत म्हणून परत लावून देशील. हे सगळं ठाऊक असून मागते आहे.

चहा पाज. डाळ दे. पण त्याआधी, अण्णा, एकदा बाही वर कर.

लीला